कोंबडीला शेगडी नको

मार्गशीर्ष सरत आला की माझ्या दवाखान्यातील गर्दीचे स्वरूप पालटते. पावसाळ्यातील हिवताप आणि जुलाब मागे पडतात. खोकला, दमा, सांधेदुखी आणि टाचांच्या भेगा यांची रांग लागते. माझा दवाखाना नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. महाराष्ट्रातील थंडी म्हटली की महाबळेश्वर किंवा निफाड आठवते. परंतु अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावरचे दव गोठून पांढरे होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या भागात घरोघरी चार-सहा गावरान कोंबड्या असतातच. मुलाच्या ताटातील अंडे, पाहुण्याचा पाहुणचार आणि अडीअडचणीला हाताशी येणारे चार पैसे, हे सारे त्या खुराड्यातून येते. म्हणून थंडी पडली की घरातील बाई लेकरांबरोबर कोंबड्यांचीही चिंता वाहते.

माणसांच्या डॉक्टरने कोंबड्यांविषयी का लिहावे, असा प्रश्न आपणास पडेल. त्याचे उत्तर माझ्याच एका चुकीत आहे. ती आज आपल्यापुढे मांडतो.

एक हुकलेले निदान

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एक आजी आपल्या नऊ-दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. मुलाचे डोके सकाळी उठल्याबरोबर दुखे, मळमळे. एकदा उलटीही झाली होती. ताप नव्हता, घसा स्वच्छ होता, पोट मऊ होते. ते दोघे पाड्यावरून चालत माझ्याकडे पोहोचेपर्यंत अकरा वाजले होते आणि तोवर मुलाची डोकेदुखी बरीच ओसरली होती. मी पित्ताची गोळी दिली, रात्री उपाशी झोपवू नका असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. आजी उठता उठता म्हणाल्या, "माझंही डोकं धरतं सकाळी." थंडीचे असेल, असे मी उत्तर दिले.

तिसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच दाराची कडी वाजली. मुलाला त्याच्या काकाने खांद्यावर आणले होते. तो गुंगीत होता, हाक मारली की डोळे उघडी आणि पुन्हा मिटून घेई. आई दोन्ही हातांनी डोके धरून ओट्यावर बसली. आजींना वाटेत दोनदा उलटी झाली होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आधी कोंबड्या गेल्या. आता पोराची पाळी आहे का?"

घरातील सहा कोंबड्यांपैकी चार पहाटे मेलेल्या आढळल्या होत्या. आमच्या जिल्ह्यात कोंबड्या एकाएकी मेल्या की प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट येते. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी 2006 मध्ये आमच्याच नवापूर तालुक्यात आढळला होता. ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. क्षणभर माझ्याही मनात तेच आले.

परंतु तिघांपैकी कोणालाही ताप नव्हता, खोकला नव्हता. तिघांना एकाच पहाटे एकच त्रास झाला होता आणि तिघेही एकाच खोलीत झोपले होते. जो प्रश्न मी दोन दिवसांपूर्वी विचारायला हवा होता, तो आता विचारला, "रात्री त्या खोलीत काय काय असतं?"

मुलाचे वडील ऊसतोडीला गेले होते. मुंगसाने दोन कोंबड्या ओढून नेल्यापासून उरलेल्या कोंबड्या रात्री डालग्याखाली घरातच ठेवल्या जात. थंडी वाढल्यावर खिडकीत गोणपाट कोंबले गेले, दार घट्ट लावले गेले, आणि लेकराला व कोंबड्यांना ऊब मिळावी म्हणून घमेलेभर निखारे रात्रभर खोलीत राहू लागले. धूर नको म्हणून निखारे चांगले लाल झाल्यावरच आजी घमेले आत आणत. त्यांनी काळजी घेतली होती, आणि त्या काळजीतूनच संकट ओढवले होते.

दवाखान्यातील ऑक्सिजनचे एकमेव नळकांडे मुलाला लावले, तिघांनाही रुग्णवाहिकेने मोठ्या रुग्णालयात पाठवले. मेलेल्या कोंबड्यांचे नमुने पशुवैद्यकांनी तपासणीस नेले. बर्ड फ्लू निघाला नाही. चौथ्या दिवशी तो मुलगा आपल्या पायांनी माझ्या दवाखान्यात आला. मी आजींना सांगितले की पहिल्या दिवशी चूक माझी झाली होती. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता थंडीत कोंबड्या ठेवायच्या कुठं?" त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याच दिवसापासून मी पशुवैद्यक मित्रांना विचारत, शेजारपाजारची खुराडी पाहत या विषयाची माहिती जमवू लागलो.

निखाऱ्यांचा अदृश्य वायू

लाकूड किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. परंतु या वायूला ते ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. परिणामी श्वास चालू असतो, पण मेंदू आणि हृदय ऑक्सिजनवाचून तडफडत असतात. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. धूर नसलेला लालबुंद निखारा निर्धोक वाटतो; प्रत्यक्षात तोच अधिक फसवा, कारण धूर निदान खोकवून जागे तरी करतो.

पक्ष्यांचा श्वसनाचा वेग व देहातील घडामोडींचा वेग माणसापेक्षा अधिक असल्याने हा वायू त्यांना आधी ग्रासतो. याच कारणासाठी ब्रिटनमधील कोळसा खाणींत 1986 पर्यंत कॅनरी जातीचे छोटे पक्षी पिंजऱ्यातून नेले जात. पक्षी कोसळला की खाणकामगार बाहेर धाव घेत. त्या घरातील चार कोंबड्यांनी नकळत तेच काम केले होते.

आजींनी एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली, "आमच्या सासूबाईही शेगडी ठेवायच्या, कुणाला काही झालं नाही." ते खरे होते. त्यांचे जुने घर कुडाच्या भिंतींचे आणि कौलांचे होते. शेकडो फटींतून हवा खेळत असे. नव्या घरकुलाला पक्क्या भिंती, सिमेंटचे छत आणि घट्ट बसणाऱ्या खिडक्या आहेत. जी पद्धत कुडाच्या घरात खपून गेली, ती पक्क्या घरात जिवावर बेतली. घर बदलले की घरातील सवयीही तपासून घ्याव्या लागतात.

म्हणून ही खूण लक्षात ठेवा: सकाळी डोके दुखते, मळमळते, गरगरते, बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटते, आणि असा त्रास घरातील एकाहून अधिक जणांना होतो, ताप मात्र नसतो. असे आढळल्यास प्रथम सर्वांना खोलीबाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा आणि थेट रुग्णालय गाठा. डॉक्टरांना शेगडीविषयी आपण होऊन सांगा. माझ्यासारखा एखादा विचारायला विसरू शकतो.

कोंबडी आपली गोधडी बरोबर आणते

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सियस असते. माणसात याला कडक ताप म्हणतात. थंडीत ती पिसे फुलवून बसते. फुललेल्या पिसांत अडकलेली हवा गोधडीचे काम करते. दांडीवर बसताना ती अंगाखालच्या पिसांत पायांची बोटे झाकून घेते, चोच पंखात खुपसते आणि शेजारणीला चिकटते. पूर्ण पिसे आलेल्या निरोगी कोंबडीला आपल्याकडील थंडी सोसण्यास एवढी सामग्री पुरेशी आहे. याहून कितीतरी थंड मुलुखातही कोंबड्या शेगडीवाचून हिवाळा काढतात.

तिला खरा धोका आहे तो ओलाव्याचा, थेट अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा आणि कोंडलेल्या हवेचा. कोंबडीची विष्ठा ओलसर असते आणि श्वासातूनही रात्रभर वाफ बाहेर पडते. खुराडे चहूबाजूंनी बंद केले की हा ओलावा आतच साचतो, पिसे दमट होतात आणि दमट पिसांत ऊब टिकत नाही. शिवाय विष्ठेतून अमोनिया वायू निघतो. तो डोळ्यांना व श्वसनमार्गाला बोचतो आणि सर्दी-घरघरीला वाट मोकळी करतो. आपण मायेने गोणपाटांचे थरावर थर घालतो आणि कोंबडी आजारी पडली की थंडीला दोष देतो.

याची परीक्षा सोपी आहे. पहाटे खुराड्याचे दार उघडताच कोंबडीच्या उंचीपर्यंत वाका आणि एक श्वास घ्या. नाकाला झिणझिण्या आल्या किंवा डोळ्यांत पाणी आले, तर ती हवा कोंबडीसाठी अपायकारक आहे. उभ्याने घेतलेला वास येथे उपयोगाचा नाही. कोंबडी आपल्या उंचीवर राहत नाही.

खुराडे कसे असावे

खुराडे राहत्या खोलीत नसावे. घराच्या भिंतीला लागून, पडवीत किंवा परसात, जमिनीपासून थोडे उंचावर असावे. दार पूर्वेला किंवा दक्षिणेला ठेवले तर सकाळचे ऊन आत येते आणि उत्तरेचा वारा पाठीवर जातो. वाऱ्याची बाजू पोते, कडब्याच्या पेंढ्या किंवा फळ्या लावून बंद करावी. परंतु छपराजवळ, कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा वर, समोरासमोर झरोके रात्रंदिवस उघडे राहिले पाहिजेत. त्यांना बारीक पण मजबूत तारेची जाळी लावावी. मुंगूस, रानमांजर आणि घूस फार लहान फटीतून शिरतात. कोंबड्या घरात घेण्याची वेळ बहुधा थंडीमुळे नव्हे, तर यांच्यामुळे येते. दाराला घट्ट बसणारी कडी आणि जाळी, एवढ्या खर्चात आजींचा निम्मा प्रश्न सुटला.

दर कोंबडीमागे सुमारे दोन चौरस फूट जागा धरावी. फार मोठे खुराडे चार कोंबड्यांच्या उबेने तापत नाही आणि फार लहान लवकर ओले होते. जमिनीवर भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफले यांचा दोन-तीन इंच थर द्यावा. तो दोन दिवसांनी खालीवर करावा आणि ओला झालेला भाग काढून टाकावा. काढलेला थर उकिरड्यात नीट कुजला की उत्तम खत होते. बसण्यासाठी दोन इंच रुंदीची, कडा घासून गोल केलेली लाकडी दांडी दीड-दोन फूट उंचीवर बसवावी. लोखंडी नळी नको. ती थंड पडते आणि तिच्यावर बोटेही झाकली जात नाहीत.

दाणा, पाणी आणि अंडी

थंडीत अंग गरम ठेवण्यास कोंबडीला जास्त दाणा लागतो. परसात हिंडून किडे-अळ्या टिपणाऱ्या कोंबडीला हिवाळ्यात हे खाद्य कमी मिळते. म्हणून संध्याकाळी खुराड्यात शिरण्यापूर्वी मका, ज्वारी किंवा बाजरीचा मूठभर दाणा द्यावा. तो पचताना रात्रभर ऊब मिळते. सकाळी कोमट पाणी ठेवावे, कारण अतिथंड पाणी कोंबड्या कमी पितात आणि पाणी कमी झाले की खाणेही घटते. पाण्याचे भांडे रात्री खुराड्यात ठेवू नये. ते सांडले की सगळी मेहनत ओली होते. अंड्यांच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून बारीक केलेली अंड्यांची टरफले वेगळ्या भांड्यात ठेवावीत.

थंडीत अंडी कमी होतात, ही तक्रार घराघरांत ऐकू येते. त्याचे मुख्य कारण थंडी नसून उजेड आहे. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाचा चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. डिसेंबरच्या अखेरीस आमच्याकडे दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा असतो. त्यातच जुनी पिसे गळून नवी येण्याचा काळ आला, तर शरीरातील प्रथिने पिसांकडे वळतात. घरापुरत्या कोंबड्यांना ही विश्रांती मिळू द्यावी. दिवस मोठा होऊ लागला की त्या आपोआप अंड्यावर येतात.

मिळणारी अंडी मात्र आधी लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांच्या ताटात जावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मध्यम आकाराच्या एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात; शिवाय ब-12 आणि अ जीवनसत्त्व मिळते. बाजारात सगळी अंडी विकून त्या पैशात मुलांना बिस्किटांचे पुडे आणून देणारी घरे मी रोज पाहतो. विकायची तर काही विका. पण घरातील मुलाचा वाटा आधी बाजूला काढा.

पिल्लांचा अपवाद

वर सांगितलेली गोधडी पिल्लांना नसते. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करता येते. यासाठी सर्वांत भरवशाची सोय म्हणजे खुडूक कोंबडी. तिच्या पंखाखाली मावतील एवढीच अंडी थंडीत उबवायला ठेवावीत. जमत असेल तर पौषात अंडी ठेवूच नयेत. विजेचा दिवा लावायचाच असेल, तर तो साखळीने पक्का टांगावा, भुश्यापासून दूर ठेवावा, आणि पिल्लांची पेटी माणसांच्या झोपण्याच्या खोलीबाहेर असावी. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी आहे. कडेला पसरून चोची उघडून धापत असतील तर जास्त आहे. पिल्लांसाठीसुद्धा बंद खोलीत निखारे नकोतच.

कोंबडी आणि घरातील माणसे

कोंबडीला, अंड्यांना किंवा खुराड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, हा घरातील नियमच असावा. वरून निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि त्यांनी होणारे जुलाब पाच वर्षांखालील मुलांना फार जड जातात. पिल्ले गोजिरवाणी असतात. पण लहान मुलांना त्यांचे मुके घेऊ देऊ नका. तडकलेली अंडी टाकून द्या. बाकीची पूर्ण शिजवूनच खा.

खुराडे कोरड्या झाडूने झाडू नये. आधी थोडे पाणी शिंपडावे, नाका-तोंडाला रुमाल बांधावा. विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने काहींना चिवट खोकला व दम लागतो. दम्याच्या रुग्णाने हे काम करूच नये. आणि दवाखान्यात खोकल्याविषयी बोलताना घरी कोंबड्या आहेत हेही सांगावे.

राणीखेत, म्हणजेच आपल्याकडची मानमोडी, अख्खे खुराडे रिकामे करू शकते. तिच्यावर लस आहे. लशीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांपुरत्या मात्रा असतात आणि ती एकदा कालवली की काही तासांतच वापरावी लागते. म्हणून चार कोंबड्यांसाठी कोणी एकटा जात नाही. वस्तीतील सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून थंडीपूर्वी लसीकरण उरकावे.

आणि कधी अनेक कोंबड्या एकदम मरू लागल्या, तुरे निळे-काळे पडले, डोकी सुजली, तर मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, ओढ्यात फेकू नका, आजारी पक्षी घाईने कापून खाऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. बर्ड फ्लू 2021 च्या प्रारंभी महाराष्ट्रात पुन्हा आला होता; लपवल्याने तो जात नाही. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, हे आपल्या पूर्वजांनी सांगूनच ठेवले आहे.

झोपण्यापूर्वी

कोंबड्या बाहेर गेल्या, तरी थंडी माणसांनाही आहे. शेकोटी अंगणात करा. शेगडी घरात आणलीच, तर दार उघडे ठेवून शेका आणि अंथरुणावर पडण्यापूर्वी ती बाहेर नेऊन पाण्याने विझवा. रात्रीसाठी गोधड्या, पायमोजे, कानटोपी आणि कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पुरेशी आहे. खिडकीची एक झडप तरी उघडी असू द्या.

त्या आजींचे खुराडे आता पडवीत आहे. जाळी लावलेली आहे, झरोके उघडे आहेत, खाली शेंगांच्या टरफलांचा थर आहे. गेल्या हिवाळ्यात त्या दाखवायला आल्या तेव्हा कागदात गुंडाळलेली चार अंडी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "रात्री एक-दोनदा उठते, हात लावून बघते. गरम असतात." मी त्यांचा रक्तदाब मोजला, गोळ्या लिहून दिल्या. मग सकाळी घरात कोणाचे डोके दुखते का, हेही विचारले. आता हा प्रश्न मी थंडीत प्रत्येकाला विचारतो.